निकालाच्या दिवशी

वणीजवळच्या त्या गावात वीस वर्षांत पहिल्यांदाच गोरक्षनाना सरपंचकी हरले. तेही त्यांचे जन्माचे विरोधक वाळूअण्णा यांच्या पोराकडून, संतोषकडून. प्रचारात संतोषनं भर सभेत त्यांना "ए म्हाताऱ्या" म्हणून त्यांच्या लेकीसुनांचाही उद्धार केला होता आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या होत्या. नानांची माणसं पेटली होती, "तुम्हीबी त्याच्या मेलेल्या बापाचं काढा." पण नाना पाण्याच्या टाकीविषयीच बोलत राहिले.

संध्याकाळी मिरवणूक मुद्दाम त्यांच्या दारात थांबली, डीजे दणाणवून पुढे गेली. त्या गोंगाटात नानांना वाळूअण्णांची फार आठवण आली. ते उठून चपला घालू लागले.

"आता कुठं निघालात?" बायकोनं विचारलं.

"संतोषला हार घालून येतो."

त्यांना येताना पाहून संतोषच्या ओट्यावरची पोरं हसायला लागली. संतोष खुर्चीतून हललाही नाही. "काय काम काढलं?" एवढंच म्हणाला.

तेवढ्यात त्याची आई कलाबाई बाहेर आली. नानांना पाहून तिनं डोक्यावर पदर घेतला.

"ऊठ आधी! तुझे वडील यांच्याकडून चारदा पडले. चारी वेळा हे अंगावरच्या गुलालानिशी पहिले आपल्या दारात आले, तुझ्या वडिलांना मिठी मारून, सोबत जेवून गेले."

तिनं संतोषच्या खुर्चीला हात घातला.

"दुपारपासून वाट बघतेय मी, तू यांच्याकडं कधी जाशील म्हणून."