पायाळूचा नवा पाय

शालन पायाळू, म्हणजे आईच्या पोटातून आधी पाय बाहेर आलेली. तिची लाथ बसली की पाठीत भरलेली उसण जाते, असं अख्खं गाव मानायचं. अपघातात उजवा पाय गेला आणि कृत्रिम बसवला, तरी माणसं येतच राहिली. ती कुठे पडू नये म्हणून हा नवा पाय जमिनीखालचं पोकळ, टणक सगळं ओळखून तिला कळवायचा.

आज तिच्या बहिणीचे यजमान पालथे झोपले होते. "छातीतून पाठीत कळ जाते. उसणच ती. हाण!"

शालनने हसत पाय टेकवला. आत फुप्फुस भात्यासारखं हलत होतं, आणि त्यात एक टणक खडा. तिने पाय सरकवला, परत आणला. खडा होताच.

"का गं, खोट्या पायाला गुण नाही वाटतं?"

"दाजी, ही उसण नाही. आत गाठ लागतेय."

दाजी उठून बसले. मग म्हणाले, "कॅन्सर?"

"ते डॉक्टर सांगतील. आपण आत्ताच निघू."

लाथ मारून झाली की ती वडीलधाऱ्यांच्या पाया पडायची. आज लाथ न मारताच ती वाकली, आणि दाजींचे पाय तिच्याने सोडवेनात.