लोखंड्याचा नान

पडद्यावरचं शहर तिसऱ्यांदा कोसळलं तेव्हा आशिरबेकने जांभई दिली.

"आता घड्याळ दाखवतील," तो शेजारी बसलेल्या अनारकानच्या कानाशी पुटपुटला. "लाल आकड्यांचं. एक सेकंद उरला की थांबणार."

घड्याळ आलं, लाल आकड्यांचंच, आणि एका सेकंदावर थांबलं. किरगिझस्तानातल्या काराकोलच्या त्या दुपारच्या खेळाला जेमतेम वीस माणसं होती आणि त्यातली निम्मी फोनमध्ये डोकं घालून बसली होती. त्यांचंही चुकत नव्हतं. आभाळातून येणारी यानं, इमारती पाडणारी यंत्रं, सगळं कुठे ना कुठे बघून झालेलं.

"गप्प बस रे," अनारकान म्हणाली. "माझं वाक्य निघून जाईल."

तिच्या पलीकडे बसलेली तिची नात बेगिमाय हसली. तिकिटं तिनेच काढली होती. पस्तीस वर्षांपूर्वीचा तो सिनेमा कुणीतरी नव्याने काढलाय हे कळल्यापासून आजीने तिच्यामागे टुमणं लावलं होतं. अनारकान परवा बिश्केकला लेकीकडे कायमची राहायला निघाली होती. घर विकलं होतं, सामान बांधून झालं होतं. भिंतीवरचा नान तेवढा उतरवायचा की नाही, हे ठरत नव्हतं.

तो नान तिच्या धाकट्या भावाचा. शहाऐंशी साली कुबत सोव्हिएत फौजेबरोबर अफगाणिस्तानला लढायला निघाला, तेव्हा आपल्या रीतीप्रमाणे त्याने दारात नानाचा एक घास तोडला आणि उरलेला नान आईने खुंटीला टांगला. परत आल्यावर त्यानेच तो संपवायचा. तो आला नाही. त्याच्या मरणाचा कागदही आला नाही. तीन वर्षांनी सगळे सांगू लागले, उतरव आता, पाखरांना चुरून घाल. आई तोवर गेली होती. अनारकान उतरवणारच होती. त्याच आठवड्यात ती बस आगाराच्या तळघरात व्हिडिओ बघायला गेली.

काय दिवस होते ते! बत्तीस खुर्च्या, पन्नास माणसं, एक टीव्ही आणि टीव्हीशेजारी स्टुलावर नाक चिमटीत धरून बसलेला आशिरबेक. कॅसेट अमेरिकेची, चोरून आणलेली, बोलणं इंग्रजी. नायक, नायिका, खलनायक, सगळ्यांचं किरगिझमध्ये हाच बोलायचा, त्याच एका गेंगाण्या आवाजात. नाक धरलं की पोलिसांना आवाज ओळखता येत नाही, अशी तेव्हा सगळ्याच दुभाष्यांची समजूत होती. गावातलं शेंबडं पोरही त्याला ओळखत होतं.

सिनेमाच्या शेवटी तो लोखंडी माणूस, आमचा लाडका लोखंड्या, मरता मरता म्हणाला होता, "माझा नान खुंटीवरून उतरवू नका. मी वाटेत आहे." आख्खं तळघर हुंदके देत होतं. अमेरिकेतल्या यंत्राला कसला आलाय नान, हे एकालाही सुचलं नाही. अनारकान घरी गेली आणि नान भिंतीवरच राहिला.

आता पडद्यावर नवा लोखंड्या कोसळला. अनारकानने समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"ऊर्जा चार टक्के," लोखंड्या खणखणीत रशियनमध्ये म्हणाला. त्याच्या डोळ्यांतला निळा दिवा विझला. नायक लगेच यानात चढला.

"झालं?" अनारकान म्हणाली. "एवढंच?"

"जुन्यातही एवढंच आहे, आजी," बेगिमाय हळूच म्हणाली. "मी काल फोनवर बघितला. नानबिन काही नाही त्यात."

अनारकानचे हात खुर्चीवरून सुटेनात. आशिरबेकला ते बघवेना. पस्तीस वर्षांपूर्वीही तो पडद्याकडे न बघता तिच्याकडेच बघत होता. त्याने नाक चिमटीत धरलं आणि सगळ्या थिएटरला ऐकू जाईल असं म्हणाला, "माझा नान खुंटीवरून उतरवू नका. मी वाटेत आहे."

फोनवाली पोरं वळून बघू लागली. मागच्या रांगेतून एक जाडा म्हातारा आवाज आला, "अरे, हा तर आपला बस आगारवाला! लोखंड्या, पुन्हा एकदा होऊ दे!"

बाहेर चक्क ऊन होतं. आशिरबेक टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"मला इंग्रजी येत नव्हतं, अनारकान. यस आणि नो, संपलं. त्या दिवशी तू तिसऱ्या रांगेत रडत होतीस. तोंडातून निघून गेलं. इतकी वर्षं तुला खोट्यावर ठेवली मी."

"मला काय खुळी समजलास?" अनारकान म्हणाली. "लोखंडाला दात असतात का नान तोडायला? आख्खं गाव उतरव म्हणत होतं. नको म्हणणारा तू एकटा. तोही नाक धरून."

"मग आज आलीस कशाला?"

"अजून तसंच म्हणतोस का, ते बघायला."

बेगिमायने दोघांकडे पाहिलं आणि ती उगाचच चार पावलं पुढे जाऊन उभी राहिली.

"बिश्केकला लेक नवव्या मजल्यावर राहते," अनारकान म्हणाली. "घर भाड्याचं. घरमालक भिंतीला खिळा ठोकू देत नाही. तुझ्या घरी खुंटी आहे का रे?"

आशिरबेकचा हात सवयीने नाकाकडे गेला. त्याने तो खाली घेतला.

"आहे," तो म्हणाला.