तिच्या नावाची नळी

एस्टोनियातल्या तालिन शहराच्या त्या प्रयोगशाळेत निरोगी रक्त लागलं की ज्यानं त्यानं आपलंच द्यायचं. मारिकाच्या रक्तपेशींत एचआयव्ही तिसऱ्यांदाही शिरेना, तेव्हा साहेब करवादले, "हाताला लकवा मारलाय का?" आज तेच तिच्या नावाची नळी नाचवत आले. "बाई, ज्या रिसेप्टरला धरून विषाणू पेशीत शिरतो, तो तुझ्याकडे जन्मापासून नाहीच! तुला लागण कशी होणार?" मारिकाला नवरा आठवला. त्याला हाच आजार असल्याचं कळलं त्या दिवशी म्हणाला होता, "बाहेर कुणाकडे गेलो नाही गं. उन्हाळ्यात दातांच्या दवाखान्यातली सुई भोवली. आजार जुना असता, तर तुलाही झाला असता ना?" तो गेल्यावरही ती त्याच पुराव्यावर जगत होती. डोळे वाहू लागले, पण विषाणूंच्या काचपेटीतल्या हातमोज्यांत अडकलेले हात काढून पुसणार कशी? साहेब हसले, "रड बाई, पोटभर रड. असलं रक्त शंभरात एकाचं!"