घरात माणसं

लेक बोटीवरून परतला नाही, त्याला अकरा महिने झाले. पूर आला तर कोणत्या घरात किती माणसं आहेत हे कळावं, म्हणून तो गावाचा नकाशा करत होता. नकाशा अर्धाच राहिला. त्याच्या मित्राने पुरा केला आणि आज दुपारी, माझा नेमाचा जप आटोपल्यावर, आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून क्लाउडवर चढवला.

उघडून पाहतो तर सगळी घरं समुद्रात.

"गाव बुडवलं की मी, काकू," तो हसला. "अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली. सगळ्यांचीच होते ही चूक."

त्याने आकडे सरळ करून नकाशा पुन्हा चढवला. घरं जमिनीवर आली. आमचं तेवढं पाण्यातच राहिलं.

त्याने दोनदा तपासलं. आमच्या घराचे आकडे बरोबर होते. पण ठिपका होता ती जागा मी ओळखली. बोटीचा शेवटचा निरोप तिथूनच आला होता; शोधायला गेलेल्यांनी मला ती नकाशावर दाखवली होती.

मी ठिपक्यावर बोट ठेवलं. माहिती उघडली. घरात माणसं: दोन.

काल मन घट्ट करून मीच तिथे 'एक' लिहायला सांगितलं होतं.

"मी एकच लिहिलं होतं, काकू. तुमच्यासमोर."

"हो रे बाबा. आता राहू दे, पुसू नकोस."

 पडद्यावरची नजर न काढताच त्याने हळू विचारलं, "काकू, तुम्ही इथेच बसला आहात ना?"

मला हो म्हणता येईना.