फणसाचा चीक

तारामतीने परसातला फणस ओट्यावर ठेवला आणि त्यावरून मोजणीयंत्र फिरवलं. यंत्र गप्पच.

"मेलं बिघडलं वाटतं," ती करवादली.

किनाऱ्यावरच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला तेव्हा ती नवी नवरी होती. पुढे हलवलेलं गाव परतलं, पण मातीतलं किरणोत्साराचं विष गेलं नव्हतं. दर उन्हाळ्यात यंत्र किंचाळायचं आणि घरचा फणस सरकारी निळ्या पिंपात जायचा. खायचा तो घाटावरून आलेला, डब्यातला.

तिच्या नवऱ्याने, परशुरामने, यंत्र मागच्या दारी नेलं आणि छपराचं पाणी जिथे मुरतं तिथल्या मातीवर धरलं. ते जोरात किंचाळलं.

"यंत्र धडधाकट आहे गो," तो आत येत म्हणाला. "पुन्हा बघ."

यंत्र पुन्हा गप्प. मग तारामतीने घाईघाईने विळी ओढली. फणस चिरताच घरभर वास सुटला. गरे काढता काढता तिची बोटं एकमेकांना चिकटली, विळी चिकटली, पदरही चिकटला.

"अगो, हातांना तेल लावलं नाहीस?" परशुराम हसत सुटला.

तारामती चिकाने बरबटलेल्या हातांकडे बघतच राहिली. फणस फोडण्याआधी तिची आई कोपरापर्यंत खोबरेल चोपडायची. इतक्या वर्षांत ती हे विसरूनच गेली होती.

त्याने तेलाची बाटली आणली.

"राहू दे हो," ती म्हणाली. "आधी एक गरा भरवा."