आईची पर्स

आईला ऑपरेशनसाठी आत नेलं आणि बाबांनी बाहेर येरझाऱ्या सुरू केल्या. जन्मभर कॉलेजात कथा-कविता शिकवलेला माणूस, पण आज एका जागी बसतील तर शपथ. आधी त्यांनी फुलदाणीतली सुकलेली फुलं उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय म्हणून वॉर्डबॉयचं डोकं खाल्लं. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून तिच्यावर आईची पर्स आणून ठेवली.

"बाबा, बसा हो जरा. ही सगळी प्रतीकं पुस्तकात ठीक आहेत. इथे घड्याळ बंद म्हणजे सेल संपलाय, बाकी काही नाही."

"कळतं गं मला," बाबा म्हणाले. "पण पुस्तकात शेवट मला आधीच माहीत असायचा."

आणि सेल आणायला खाली गेले. मी कपाळावर हात मारून घेतला.

तेवढ्यात एक दमलेले गृहस्थ आले. पर्सकडे बोट दाखवून म्हणाले, "ही उचलता का? जरा टेकतो."

मी उठून उभी राहिले.

"तुम्ही माझ्या खुर्चीवर बसा," मी म्हणाले. "तिथे आई बसणार आहे."