सगळे ओळखतात असा

इस्त्रीवाल्या मावशींनी कपड्यांचा गठ्ठा ठेवला आणि त्याला गुंडाळलेल्या रद्दीच्या इंग्रजी पेपरवर बोट टेकवलं. "बाई, हा माझा धाकटा! सहा वर्षांनी तोंड दिसलं बघा मेल्याचं. फोटोखाली काय लिहिलंय हो?"

शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंनी वाचलं, ‘नोटोरियस’. वर्गात त्या ‘म्हणजे कुख्यात’ असं ठणकावून सांगत. पण मावशींचा उजळलेला चेहरा बघून त्यांची जीभ रेटेना.

"नावाजलेला," त्या कशाबशा म्हणाल्या. "सगळे ओळखतात असा."

"वाटलंच होतं मला!" मावशींनी पदराने डोळे पुसले.



दुसऱ्या दिवशी इमारतीतल्या घरोघरी इस्त्रीचे कपडे पोचले, मावशींनी रद्दीवाल्याकडून शोधून आणलेल्या त्याच पानाच्या प्रतींत गुंडाळलेले, फोटो मुद्दाम वर ठेवून.